अव्वाचं पार्सल

अण्णा, ते पार्सल मी पाठवलंच नव्हतं.

तू होतास तोवर हे वाक्य कितीदा ओठांपर्यंत आलं आणि दर वेळी मी त्यावर चहाचा घोट घेऊन ते परत पोटात ढकललं. तुला रुद्रभूमीत मातीआड ठेवून आज नऊ दिवस झाले. आता ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर माझी जीभ सैल झाली आहे. चौथीच्या पोरांकडून 'नेहमी खरे बोलावे' दहा-दहा वेळा लिहून घेणारी बाई मी, आणि माझी ही तऱ्हा.

घरात फार शांत आहे. शेजारचा माग सकाळी सातला सुरू होतो आणि दिवेलागणीला थांबतो. तो थांबला की तुझा खोकला ऐकू यायचा, म्हणून मी चिडायचे. आता काहीच येत नाही. भाकऱ्या मात्र हात आपोआप चार थापतो. दोन उरतात, त्या सकाळी गाईला.

तू सोळा वर्षांचा होतास तेव्हा आप्पा गेले आणि विधवा अव्वाला नि धाकट्या बहिणीला पोसायला तू गिरणीत घडीखात्याला लागलास. मला तुझी पहिली आठवण तीच आहे. तू घरी येऊन अव्वाच्या नव्या चादरीची घडी घालून दाखवत होतास. आपण घरी चादर घडी करतो ती दोघी-दोघींनी चार टोकं धरून, दशा बाहेर लोंबत ठेवून. तू एकटा करायचास. दोन्हीकडच्या दशा आधी आत दुमडून घ्यायच्या, मग तीन पदर, मग हाताच्या कडेनं एक फटका, की चादर पाटासारखी सपाट. "घडीखात्यातला माणूस घडीवरनं वळकतोय बघ," म्हणायचास. मी कितीदा प्रयत्न केला. माझी घडी सुटायचीच. तू हसून म्हणायचास, "शांते, तू शीक पुस्तकं. घड्या मी घालतो की." तुझ्या त्या घड्यांवर मी सातवी झाले, ट्रेनिंग कॉलेजात गेले, बाई झाले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं बोलायची रीत नव्हती.

आणि त्याच घडीत तू चरस लपवलास.

तुला दोन माग हवे होते, स्वतःचे, या ओसरीवर. मुंबईचा कुणी दलाल भेटला. सोलापुरी चादरींचे गठ्ठे बोटीतून इराणला न्यायचे, एवढंच अव्वाला सांगितलंस. मला ते एवढंसुद्धा सांगितलं नाहीस. परत आल्यावर मात्र तू एकदाही 'मला माहीत नव्हतं' म्हणाला नाहीस. मी तर तुझ्या तोंडून ते ऐकायला तयार बसले होते. तू म्हणालास, "ठाऊक हुतं की. माज्याच हातानं घातलं. दशा आत घेटल्या की आत काय हाय ते कुणाला दिसतंय?" खरंच कुणाला दिसलं नसतं. पण त्या बंदरातला एक म्हातारा व्यापारी वर्षानुवर्षं सोलापुरी चादरी विकणारा निघाला. त्यानं वरची चादर सहज हातावर तोलली आणि म्हणाला, ही चादर एवढी जड नसते. तू ज्या मालाचा अभिमान सांगायचास, त्या मालाची पारख असलेला एक माणूस तिथं निघावा आणि त्यामुळं तू सात वर्षं आत जावंस. याच्यावर रडावं की हसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

झडतीत त्यांनी तुझ्या गळ्यातली चांदीची डबी उघडली. आत इष्टलिंग, दीक्षेपासून गळ्यात असलेलं. काळंभोर, गुळगुळीत, वर कांतीचा काळा लेप. चादरींतून निघालेला मालही काळाच होता. त्यांनी लिंग फरशीवर ठेवून हातोडीनं फोडलं. आतून काही निघालं नाही तेव्हा तुकडे झाडून टाकले. "त्यांचं तरी काय चुकलं," असं तू मला सांगितलंस, भाजी निवडता निवडता. "मी त्यांच्या जागी असतो तर मीबी फोडलं असतं."

तुझं पहिलं पत्र दुष्काळाच्या साली आलं. वर्षभर तू मेलास की जिवंत हे माहीत नव्हतं. पत्रात फार काही नव्हतं. तुरुंग डोंगराकडं आहे, गार आहे, सात वर्षांची शिक्षा आहे. आणि शेवटी, लिंग फोडलं, लिंगाशिवाय अन्न खातोय, अव्वाला सांगून मठातल्या स्वामींकडून दुसरं घेऊन पाठव.

मी ते अव्वाला वाचून दाखवलं. लिंगाची पूजा झाल्याशिवाय तिनं जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिला तू चरस नेलास याचं एवढं लागलं नाही, जेवढं तू वर्षभर तसाच जेवलास याचं लागलं. ती तडक स्वामींकडं गेली. मी मागोमाग. स्वामी म्हणाले, "अक्का, लिंग पोस्टानं जात न्हाय. गुरूनं हातात द्यावं लागतंय. कानात मंत्र सांगावा लागतोय." अव्वा पायरीवर बसून राहिली. उन्हं कलली तरी उठेना. शेवटी स्वामींनी एक लिंग आणलं, पूजा केली आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "तुज्या हातनं गेलं म्हंजी माज्या हातनं गेलं," म्हणाले. अव्वानं मागाच्या सुताचा दोरा वळला, खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली. सगळं मेणकापडात बांधून माझ्या हातात दिलं. "शांते, उद्याच टाक."

त्याच आठवड्यात बार्शीहून निरोप आला होता. भुसार बाजारातलं ते स्थळ, आठवतं? सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. निरोपात एवढंच होतं, की आमच्याकडं थोरल्यांची इच्छा नाही. कारण कुणी लिहीत नाही. शाळेत बाकीच्या बाया मी त्यांच्या खोलीत शिरले की गप्प व्हायच्या. मी सव्वीस वर्षांची होते आणि तुझा इतका राग आला होता की रात्री दात दुखायचे.

तरी मी पोस्टात गेले. खरंच गेले. खिडकीमागचा कारकून आमच्या हेडबाईंचा मेहुणा. त्यानं फॉर्म पुढं केला. "आत काय हाय ते लिवा. आनि कुणाला पाठवताय, पुरा पत्ता." पत्ता माझ्या हातात होता, इंग्रजीत, आणि त्यातला जेल हा शब्द ओळखायला फार इंग्रजीची गरज नव्हती. माझ्यामागं रांगेत दोन माणसं. आत काय आहे म्हणून मी काय लिहिणार होते? देव? मी म्हटलं, चष्मा विसरले, उद्या येते. मला तेव्हा चष्मा नव्हता.

उद्या गेले नाही. परवा गेले नाही. अव्वानं विचारलं तेव्हा म्हटलं, टाकलं. मग ते ट्रंकेत तळाशी गेलं. वर तुझ्या त्या गठ्ठ्यांतली घरी राहिलेली एक चादर, मोराच्या नक्षीची. मनात म्हटलं, राग उतरला की पाठवीन. राग वर्षा-दीड वर्षात उतरला. पण तोवर खोटं जुनं झालं होतं, आणि जुनं खोटं उकरायला ताज्यापेक्षा जास्त जीव लागतो.

अव्वाचं पुढं काय झालं ते तुला मी सांगितलं, पण अर्धंच. रोज सकाळी तिची पूजा उरकली तरी ती जेवायला बसायची नाही. घड्याळाकडं बघायची. "आता तिकडं त्याची पूजा झाली आसंल," म्हणायची आणि मग घास घ्यायची. इराणात किती वाजले असतील याचा तिनं स्वतःचा काहीतरी हिशोब बसवला होता. चार वर्षं ती तुझ्यासाठी अशी थांबली. मी समोर बसून वाढत होते. ती गेली तेव्हा तिच्या मनात तू गळ्यात लिंग घालून जेवत होतास. तिच्या सुखाचा तेवढा एक आधार माझ्या खोट्यावर उभा होता. तू आता तिच्यापाशी असशील तर तिला सांग, किंवा नको सांगूस. तुझं तू ठरव.

तू आलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. सोलापूर स्टेशनावर एक म्हातारा पायाच्या कडांवर तोल सावरत चालत येत होता. मी त्याच्या मागं बघत होते. तळपायांवर मारत, हे तू नंतर एकदाच सांगितलंस, तेही मी तुझ्यासाठी चपला आणल्या आणि तुला त्या घालता येईनात म्हणून. चाळीस माणसं एका खोलीत, कुशीवर झोपायचं, एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. बर्फ पडायचं. "शांते, लई गार. आपल्या उन्हाची आठवन काढूनच मी अंग शेकायचो." आणि एक दिवस पहारेकऱ्याच्या खांद्यावर मोराची चादर दिसली. तुझ्याच गठ्ठ्यातली. मुद्देमाल वाटून घेतला होता त्यांनी. तू कुडकुडत ती चादर बघत बसायचास. त्या माणसाला घडी घालता येत नव्हती, नुसती चुरगळून ठेवायचा, याचा तुला संताप यायचा. ते सांगताना तू पहिल्यांदा हसलास.

मग मी विचारलं, "लिंगाचं काय केलंस?" विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

तू सदऱ्यातून एक चिंधीची पुरचुंडी काढलीस. आत बोराएवढा काळा गोळा. तुरुंगातल्या रोटीचा आतला मऊ भाग मळून, कंदिलाची काजळी लावून केलेला. रोज सकाळी डाव्या तळहातावर ठेवायचास, पाण्याचा थेंब दाखवायचास, मग जेवायचास. सहा वर्षं. "पार्सलची वाट बघून बघून केलं," म्हणालास. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

"हे तेच आहे? पहिलं?" मी विचारलं.

"न्हाय. तिसरं हाय हे. दोन खाल्ली."

तू किती सरळ सांगितलंस. शिक्षा म्हणून रोटी बंद व्हायची, दोन-दोन, तीन-तीन दिवस. भुकेनं तुला काही सुचेनासं झालं आणि हातातला देव तू तोंडात टाकलास. दुसऱ्या दिवशी रडत बसलास तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या बलुची कैद्यानं त्याच्या तुकड्यातला चिमूटभर तुकडा तोडून दिला. "ले, बना ले अपना खुदा," म्हणाला. आपली सोलापूरची दखनी उर्दू तिथं तुझ्या कामाला आली, तुला त्याचं सगळं समजायचं.

यावरून आपण भांडलो. मी म्हटलं, देव खाणं म्हणजे पाप आहे. तू म्हणालास, "लोक देवाला निवद दावतात. माजा देवच निवद झाला. त्याला चाललं, मग तुला का चालंना?" मी म्हटलं, हे तुरुंगातलं तत्त्वज्ञान शाळेच्या बाईपुढं नको. तू म्हणालास, बाई, तुमची पोरं तुम्हाला भितात, मी न्हाय. ते भांडण तसंच राहिलं. आज मी हरले म्हणायला तयार आहे, पण आता जिंकायला तू नाहीस.

मी तुझ्या मागं लागले होते की स्वामींकडून नवं लिंग घे. तू ऐकायचा नाहीस. "अव्वानं पाठवलंय न्हवं? वाटंत आसंल कुटंतरी. तिच्या हातचं सोडून दुसरं कशाला घिऊ?" मी म्हणायचे, अरे, इतक्या वर्षांत हरवलं असेल. तू मान हलवायचास. "पत्रं पोचतात गं तितनं. हितनं निगालेलं बी परत येईल." ते तुझ्या खाटेखाली होतं, अण्णा. तू त्याच्यावर झोपत होतास.

या थंडीत, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी, तू सकाळी म्हणालास, "जादाची चादर हाय का गं?" मला शाळेला उशीर होत होता. संध्याकाळी काढून देते म्हणाले आणि निघाले. ट्रंकेच्या किल्लीचा जुडगा खुंटीला तसाच. संध्याकाळी आले तर तू पाय पोटाशी घेऊन बसला होतास. चादर काढू का विचारलं. "नको. न्हाय वाजत आता," म्हणालास. मला सुटल्यासारखं झालं, म्हणून मी जास्त विचारलं नाही.

त्यानंतर तू पार्सल येईल असं म्हणणं सोडलंस. शेवटच्या आठवड्यात फक्त एकदा, ताप अंगात असताना, माझं मनगट धरून म्हणालास, "शांते, अव्वाचं आलं की तूच दी माज्या हातात. तूच." मी कपाळावर ओली पट्टी ठेवली. म्हटलं, तापात बरळतोय.

एका दुपारी तू गेलास. शेजाऱ्यांनी तुला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलाची पानं आणली. स्वामी आले. तेच, आता काठी टेकत येतात. तुझा डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्यांनी विचारलं, "लिंग कुटं हाय?"

मी पुरचुंडी सोडून रोटीचा गोळा दिला. त्यांनी तो उन्हाकडं धरून बघितला. शेजारची एक बाई कुजबुजली, "म्हंजी नवं आनायला पायजे." स्वामी माझ्याकडं वळले. "अक्कानं नेलं हुतं की माज्याकडनं. ते पोचलं न्हाय व्हय?"

नाही पोचलं म्हटलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. इतकी वर्षं पोस्टावर ढकललं होतं, आणखी एकदा ढकललं असतं. स्वामींनी मठातून दुसरं लिंग मागवलं असतं आणि तू अव्वाच्या हातचं सोडून भलतंच घेऊन गेला असतास. मी आत गेले. खाट सरकवली, ट्रंक उघडली.

वर मोराची चादर होती. मी ठेवली होती ती माझ्या घडीनं, वेडीवाकडी, दशा बाहेर. आता ती पाटासारखी सपाट होती. दोन्हीकडच्या दशा आत घेतलेल्या, तीन पदर.

मी ट्रंकेपुढं बसून राहिले. बाहेरून कुणीतरी हाक मारत होतं. तू चादर काढली होतीस. खालचं मेणकापड बघितलं होतंस, अव्वाचा खण ओळखला होतास. मग ते जिथल्या तिथं ठेवून चादर पुन्हा वर घातलीस. थंडीत कुडकुडत माझी वाट बघत बसलास, आणि म्हणालास, न्हाय वाजत. घडीखात्यातल्या माणसाला घडी वेडीवाकडी ठेवता येत नाही, नाहीतर मला हेसुद्धा कळलं नसतं.

मी पिशवी घेऊन बाहेर आले. स्वामींनी दोरा बघितला आणि ओळखला.

"मीच पाठवलं नाही," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. "अव्वाशी खोटं बोलले. याच्याशीपण."

स्वामींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "होगली बिडु. जाऊ दे. गुरूनं हातात द्यावं लागतंय म्हनालो हुतो मी, पर ह्यात माजं काम न्हाय. मग आता तूच पोचीव."

मी लिंग तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तुझी बोटं त्यावर मिटली. ती लगेच मिटेनात, धरून ठेवावी लागली. आतल्या खोलीतून ओसरीपर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्याला सात वर्षं लागली, अण्णा. तू म्हणाला होतास तसं, तूच दे, तसंच झालं. तू बरळत नव्हतास.

रोटीचं लिंग स्वामींनी मला परत दिलं. "ह्याला गुरू लागला न्हाय. हे त्यानं त्याचं केलंय. तुज्याकडं ऱ्हाऊ दे." मुंग्या लागू नयेत म्हणून मी ते वाटीत ठेवून वाटी पाण्याच्या ताटलीत उभी करते. सकाळी माझी पूजा झाली की थोडा वेळ थांबते. अव्वा थांबायची तशी. मग जेवते.

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यास, अव्वाची शपथ घालून विचारलं असतंस, तर मी रडून मोकळी झाले असते. तू महिनाभर गप्प राहून माझी लाज झाकलीस आणि मला मात्र पोस्टाच्या खिडकीपुढं तुझी लाज वाटली. हे मी फेडू शकत नाही आणि याबद्दल कुणाशी बोलूही शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

पहाटे अजून थंडी पडते. माझ्या अंगावरची गोधडी विरली आहे, जादाची चादर लागते. ट्रंक खाटेखालीच आहे. मी दोनदा उघडली, हात फिरवला आणि बंद केली. तुझी घडी मोडली तर ती मला पुन्हा घालता येणार नाही.